कटकला गेलेला घोडा आणि वरच्या मजल्याचं पाणी

१८७२ सालच्या भारतीय करार कायद्यात एक घोडा आहे. कलकत्त्यात एकाने दुसऱ्याकडून तो भाड्याने घेतला. बोलणं झालं होतं बनारसला जायचं. घेणारा गेला कटकला. का गेला, हे कायद्यात दिलेलं नाही, सासुरवाडी असेल. वाटेत त्याने घोड्याला जपलं, तरी घोडा पडायचा तो पडलाच आणि जायबंदी झाला. आता भरपाई कुणी द्यायची? कलम १५४खालचं उदाहरण सांगतं, कटकला नेणाऱ्याने. जपून नेला होता वगैरे काही ऐकून घेतलं जाणार नाही. ठरलं होतं बनारस.

कायद्याची पुस्तकं रूक्ष असतात असं म्हणणाऱ्यांनी त्यातली उदाहरणं वाचलेली नसतात. याच कलमात आणखी एक घोडा आहे. ‘फक्त तू बसायचं हं’ असं बजावून दिलेला. नेणाऱ्याने त्यावर घरातल्या माणसाला बसवलं. तो माणूसही बिचारा जपून बसला, पण घोडा पडला. (त्या काळातले घोडे फार पडत असावेत.) भरपाई ज्याने मागून आणला त्याच्या डोक्यावर. कलम १५०मध्ये तिसरा घोडा आहे, तो मुळातच द्वाड. मालकाला हे ठाऊक होतं, पण देताना तो बोलला नाही. घोडा उधळला, स्वार पडला. इथे मात्र मालकाने स्वाराला भरून द्यायचं. पुढे कलम १५७मध्ये केपच्या पिठाचं एक पिंप येतं, ४५ रुपये किमतीचं. ज्याच्याकडे ते ठेवायला दिलं त्याने न विचारता आपलं २५ रुपये पिंपवालं देशी पीठ त्यात मिसळलं. आणि कलम १६३मध्ये एक गाय आहे. ती दुसऱ्याकडे ठेवलेली असताना व्याली, तर वासरूसुद्धा परत करायचं.

हे सगळं कुणा साहेबाने लंडनमध्ये बसून लिहिलं असेल यावर माझा विश्वास बसत नाही. तो सदाशिव पेठेतल्या एखाद्या वाड्यात दोन खोल्या घेऊन नक्की राहून गेला असणार. केपच्या पिठाचा खटला तर आपल्याकडच्या प्रत्येक गिरणीत रोज उभा राहतो. ‘आमच्या गव्हाच्या आधी कुणाची बाजरी दळलीत?’ हा प्रश्न विचारणाऱ्या बाईला कलम १५७ तोंडपाठ असण्याची गरज नसते. डब्याचं झाकण उघडून चिमूटभर पीठ बोटांत चोळलं की तिचा निकाल तयार असतो, आणि त्यावर अपील नाही.

घोड्यांचं म्हणाल तर त्यांची जागा आता मिक्सरने घेतली आहे. ‘वहिनी, जरा चटणीपुरता मिक्सर देता का?’ हे झालं बनारस. तासाभराने मिक्सर परत येतो तेव्हा भांड्याच्या रबराला पिवळाधमक रंग चढलेला असतो आणि पात्याचा आवाज बदललेला असतो. चटणीत कुणी हळकुंडं घालत नाही. म्हणजे मिक्सर कटकला जाऊन आला. आणि ‘झाकण हाताने दाबून धरायचं बरं का, नाहीतर उडतं’ हे जर वहिनींनी देताना सांगितलं नसेल आणि शेजारणीच्या छताला खोबरं लागलं असेल, तर तो कलम १५०मधला द्वाड घोडा. तेव्हा वहिनींनीच गप्प बसावं हे बरं.

इतका चोख कायदा दीडशे वर्षांपासून घरात असताना एकाही मिक्सरचा खटला आपण चालवलेला नाही. याचं कारण आपल्याकडे त्याहून कडक व्यवस्था आहे. तिचं नाव ‘असू दे’.

‘काकू, अहो बरणीला जरा चीर गेली. मी नवीन आणून देते.’

‘वेडी की काय! असू दे गं. वस्तूच ती, फुटायचीच कधीतरी.’

कायद्याच्या दृष्टीने इथे प्रकरण मिटलं. खरं तर ते इथे सुरू होतं. कोर्टात वस्तूची किंमत ठरवताना ती किती जुनी, किती वापरलेली हे बघतात आणि तेवढी वजावट करतात. काकूंच्या दरबारात वजावटीचा प्रकार नाही. तिथे फुटलेली वस्तू दरवर्षी महाग होत जाते. पहिल्या महिन्यात ती नुसती ‘लोणच्याची बरणी’ असते. दिवाळीपर्यंत ती ‘आमच्या आईने दिलेली’ होते. पुढल्या वर्षी हळदीकुंकवाला ती थेट पणजीपर्यंत पोचलेली असते आणि तसली चिनीमाती आता मिळत नाही असं चार बायकांचं एकमत होतं. मुदतीचा कायदा, १९६३ म्हणतो की वस्तूच्या नुकसानीचा दावा तीन वर्षांत लावा, नंतर विसरा. काकूंना मुदतीचा कायदा लागू नाही. चीर पाडणारीच्या मुलीच्या लग्नातसुद्धा, आहेर हातात देता देता, ‘जप हो, काचेचं आहे’ असं त्या सहज म्हणतात. सहज!

आणि जिने चीर पाडली तिचं काय? ती दीडशे रुपये देऊन मोकळी झाली असती. ते काकूंनी घेतले नाहीत, म्हणून ती हप्ते भरते. कोथिंबीरवडी केली की चार काकूंकडे. गावाहून फणस आला की गरे काकूंकडे. काकू पुण्याला गेल्या की त्यांच्या कुंड्यांना पाणी हिने घालायचं. वर्षानुवर्षांचा हा हिशेब कुणी मांडला तर त्यात बरण्यांचं दुकान निघेल. पण कर्ज फिटलं असं काकू कधी म्हणणार नाहीत. भरपाई घेतली की खातं बंद होतं, आणि चालू खातं बंद करण्याइतक्या काकू भोळ्या नाहीत.

हे झालं चुकून झालेल्या नुकसानीचं. मुद्दाम केलेल्याला फौजदारी कायद्यात ‘आगळीक’ म्हणतात आणि तिथलीही उदाहरणं वाचण्यासारखी आहेत. १८६०च्या दंडसंहितेत एक माणूस दुसऱ्याच्या बर्फखान्यात पाणी सोडून बर्फ वितळवतो. आज हे वाचून कुणाला वाटेल, इतकं थंड डोक्याचं सूडसत्र कोण आखतं? पण मेकॉलेसाहेब या संहितेचा मसुदा लिहीत होते त्या १८३०च्या दशकात कलकत्त्याला बर्फ बोस्टनहून जहाजाने यायचा, चार महिने प्रवास करून. मद्रासची त्या काळची बर्फाची वखार अजून समुद्रकाठी उभी आहे. अर्धी पृथ्वी ओलांडून आलेल्या बर्फात कुणी पाणी सोडलं तर साहेब बाकी सगळं माफ करेल, संध्याकाळचा पेला कोमट झालेला माफ करणार नाही.

त्याच संहितेत ५० रुपये किंवा त्याहून जास्त नुकसान करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद होती. १८६०मध्ये ५० रुपये म्हणजे मोठी रक्कम. पण आकडा तसाच राहिला. त्यामुळे २०२४च्या जूनअखेरपर्यंत शेजाऱ्याची ५० रुपयांची कुंडी मुद्दाम लाथाडणारा कागदोपत्री दोन वर्षं आत जाऊ शकत होता. १ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहिता आली आणि कलम ३२४ने हा आकडा २०,००० केला. आता तेवढाच मान मिळवायचा तर २०,००० रुपयांचं नुकसान करावं लागतं. महागाईने कुणाला सोडलेलं नाही.

मात्र आगळीक ठरायला हेतू लागतो, किंवा निदान ‘यातून नुकसान होणार’ याची जाणीव तरी. आणि आपल्या देशात मूल बोलायला शिकतं ते ‘आई’, ‘बाबा’ आणि ‘मी मुद्दाम नाही केलं’ या क्रमाने. सात वर्षांखालच्या मुलाच्या हातून गुन्हा घडूच शकत नाही, असं कायदाही मानतो. गल्लीतले मोठे मुलगे सगळ्यात लहान पोराला आधी बॅटिंग का देतात हे मला हे कलम वाचल्यावर कळलं.

खिडकीची काच आणि क्रिकेटचा चेंडू हा विषय इंग्लंडमध्ये थेट हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेलेला आहे. बोल्टन विरुद्ध स्टोन, १९५१. मँचेस्टरजवळच्या एका मैदानातून षटकार बाहेर गेला आणि रस्त्यावरच्या बाईंना लागला. पुरावा असा पुढे आला की गेल्या तीसेक वर्षांत चेंडू असा बाहेर गेला होता तो जेमतेम सहा वेळा. लॉर्ड लोकांनी विचार केला, इतक्या क्वचित होणाऱ्या गोष्टीसाठी क्लबला निष्काळजी कसं म्हणायचं? क्लब सुटला. आपल्या वाडीत तीस मिनिटांत सहा वेळा चेंडू बाहेर जातो, त्यामुळे या निकालाचा आपल्याला काडीचा उपयोग नाही.

दुसरा खटला जास्त कामाचा: मिलर विरुद्ध जॅक्सन, १९७७. डरहॅम परगण्यातल्या एका खेड्यात सत्तरेक वर्षं क्रिकेट चाललेलं. मैदानाला लागून नवी घरं झाली आणि चेंडू कौलांवर, बागेत पडू लागले. क्लबने कुंपण उंच केलं, बागेवर जाळी टाकून देतो म्हणाले, न फुटणारी काच बसवून देतो म्हणाले. घरवाल्यांना ते नको होतं; त्यांना खेळच बंद हवा होता. न्यायमूर्ती डेनिंग यांनी निकालात क्रिकेटची बाजू अशी लावून धरली की ते पंच म्हणून उभे आहेत की अकरावा खेळाडू म्हणून, असा प्रश्न पडावा. शेवटी बहुमताने क्लब दोषी ठरला, ४०० पौंडांची भरपाई बसली, पण खेळ थांबवायला कोर्टाने नकार दिला. म्हणजे फोडा, भरा आणि खेळत राहा. ब्रिटिश न्यायव्यवस्थेबद्दल एरवी कुणी काही म्हणो, या निकालासाठी तिला आपल्या वाडीतर्फे एक नारळ द्यायला हवा.

वाडीतला कायदा मात्र स्वतंत्र आहे आणि त्याची तत्त्वं कडक आहेत. काच फोडणारा बॅट्समन आधी आऊट, बाकीचं नंतर. चेंडू ज्याचा तो जबाबदार नाही, पण चेंडू आणायला जाणार तोच. काच फुटल्याचा आवाज आल्यावर मैदान तीन सेकंदांत रिकामं होतं. मागे उरतो तो यष्टिरक्षक, कारण त्याची चप्पल स्टंप म्हणून वापरलेली असते. दुष्कृत्य अनेकांनी मिळून केलं तर सगळी भरपाई त्यांच्यापैकी कुणाही एकाकडून मागता येते, असं कायदा म्हणतो. यष्टिरक्षकाला हे तत्त्व कान पिरगाळून शिकवलं जातं. मग वर्गणी निघते. काचवाला येतो, माप घेतो, पुट्टी मळता मळता ‘चार एमएमची टाका, परत परत बोलावताय’ असा सल्ला देतो. तेव्हा काचेचे आजोबा साध्या काचेच्या जागी भारी काच मागतात आणि म्हणतात, ‘फरकाचे पैसेही पोरांकडूनच घ्या.’ जुनी काच पिवळी पडलेली, तिच्या कोपऱ्यात मूळचाच तडा, हे मुलं ओरडून सांगत असतात. वजावटीचं तत्त्व त्यांना बरोबर समजलेलं असतं. पण मोटारीच्या विम्यात भरपाईतून रबर-प्लास्टिकचे ५० टक्के कापतात, फायबरचे ३० टक्के कापतात, आणि काचेचे शून्य. विमा कंपन्यांच्या मते काच म्हातारी होत नाही. आजोबांचंही तेच म्हणणं आहे.

रस्त्यावरच्या नुकसानीबद्दल फार लिहिण्यात अर्थ नाही, तिथे निकाल इतका झटपट लागतो की तपशील गोळा करायला वेळच मिळत नाही. ज्याची गाडी मोठी त्याची चूक. १९८८च्या मोटार वाहन कायद्यात दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीसाठी सक्तीच्या विम्याची मूळ मर्यादा होती ६,००० रुपये. आजच्या गाडीचा नुसता दिवा फुटला तरी हे पैसे पहिल्या स्क्रूतच संपतात. एक गोष्ट मात्र सांगितली पाहिजे. मनुस्मृतीचं कौतुक करायची माझी मुळीच इच्छा नाही, पण रथाने नुकसान झालं तर सारथ्याला दंड कधी नाही, याची तिच्या आठव्या अध्यायात एक यादी आहे. वेसण तुटली, जू मोडलं, आस मोडला. आणि शेवटी, सारथ्याने ‘बाजूला व्हा’ असं मोठ्याने ओरडून सांगितलं असेल तर. आपले रिक्षावाले हॉर्न वाजवला की स्वतःला सर्व जबाबदारीतून मुक्त का समजतात, याचं मूळ इतकं जुनं निघेल असं वाटलं नव्हतं.

पण दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान हा विषय मराठी माणूस खऱ्या अर्थाने जगतो तो सहकारी गृहनिर्माण संस्थेत. तिथे त्याला लीकेज म्हणतात.

पाणी वरून खाली येतं, हे बॅबिलोनच्या हम्मुराबीला पावणेचार हजार वर्षांपूर्वी कळलं होतं. त्याच्या कायद्यात, ज्याने आळशीपणाने आपला बांध दुरुस्त ठेवला नाही आणि बांध फुटून इतरांची शेतं बुडाली, त्याने बुडालेलं धान्य भरून द्यायचं; देता आलं नाही तर त्याला मालमत्तेसकट विकून ते पैसे ज्यांची शेतं बुडाली त्यांनी वाटून घ्यायचे. हे कलम आमच्या एका वार्षिक सभेत कुणीतरी वाचून दाखवलं तेव्हा खालच्या मजल्यावरची मंडळी बराच वेळ विचारात पडली होती. वरच्या मजल्याला काय भाव येईल, असा तो विचार असावा.

इंग्लंडात १८६८मध्ये रायलंड्स विरुद्ध फ्लेचर हा निकाल लागला. लँकेशायरमधल्या एका गिरणीमालकाने तलाव बांधून घेतला. त्याच्याखाली जुन्या बुजलेल्या खाणीच्या विहिरी होत्या. पाणी त्यातून शेजाऱ्याच्या कोळशाच्या खाणीत शिरलं. गिरणीमालकाची स्वतःची चूक काहीच नव्हती, काम कंत्राटदाराने केलं होतं. तरी लॉर्ड म्हणाले, असलं धोक्याचं काही तू आपल्या जागेत साठवलंस, ते निसटलं, तर भर. खालच्या मजल्यावरचे वाचक इथे टाळ्या वाजवतील. त्यांनी जरा थांबावं. १९१३मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नमधून रिकर्ड्स विरुद्ध लोथियन हा खटला प्रिव्ही कौन्सिलपुढे गेला. कुणा खोडसाळ माणसाने इमारतीच्या वरच्या मजल्यावर बेसिनचं भोक कोंबून नळ सोडून दिला, आणि दुसऱ्या मजल्यावरच्या भाडेकरूचा माल रात्रभरात भिजला. तिथे कौन्सिल म्हणालं, घरात नळ असणं ही अगदी साधी गोष्ट. तिऱ्हाइताने बदमाशी केली तर मालकाने का भरायचं? थोडक्यात, लॉर्ड लोकांच्या घरीही वरचा मजला होताच.

आपल्याकडे संस्थांचे आदर्श उपविधी याबाबतीत सरळ आहेत. पावसाच्या पाण्याची गळती, बाहेरच्या सामाईक पाइपांची गळती, त्याने शेवटच्या मजल्याच्या छताचं झालेलं नुकसान, हे संस्थेने दुरुस्त करायचं. संडास, बाथरूम, सिंक यांतून आतल्या आत होणारी गळती ज्याच्या घरातली त्याने स्वखर्चाने. इतकं स्पष्ट असताना भांडण कशावर होतं? पाणी कुठून आलं, यावर. पाण्याला आडनाव नसतं.

खालच्या काकूंच्या बेडरूमच्या छताला पहिला डाग पडतो तो साधारण पाच रुपयांच्या नाण्याएवढा. त्या वर जाऊन सांगतात. वरचे काका आपल्या बाथरूमची फरशी हाताने चाचपतात आणि पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं ते वाक्य उच्चारतात: ‘आमच्याकडे तर सगळं कोरडं आहे!’ खरंच असतं. पाणी त्यांच्याकडे थांबलं असतं तर काकू वर आल्याच नसत्या. मग काका खाली येऊन डाग बघतात. वर मान करून, डोळे बारीक करून, शेवटी म्हणतात, ‘हा जुना दिसतोय.’ म्हणजे त्यांनी फ्लॅट घेण्याआधीपासूनचा. मग पोपडे सुटतात, बुरशी धरते, कपाटाच्या पाठीचं प्लायवूड फुगतं, आणि सेक्रेटरींना पत्र जातं. सेक्रेटरी उत्तर देतात की हा दोन सभासदांमधला आपसातला प्रश्न आहे. सेक्रेटरींचा फ्लॅट मधल्या मजल्यावर असतो. त्यांच्या वरचेही त्यांना ओळखतात आणि खालचेही.

यथावकाश प्लंबर येतो. त्याला कायद्यात तज्ज्ञ साक्षीदार म्हणतील. तो भिंतीवर टकटक करतो, कान लावतो आणि पैसे कोण देणार हे आधी विचारतो. वरच्यांनी बोलावलेला प्लंबर सांगतो, हे शेजारच्या डक्टमधून येतंय. खालच्यांनी बोलावलेला सांगतो, नहाणी ट्रॅपचा जॉइंट गेलाय, अख्खी फरशी उचला. संस्थेने बोलावलेला सांगतो, दोन्ही असू शकतं. खात्री करायची तर ट्रॅप बंद करून बाथरूममध्ये चोवीस तास पाणी साठवून बघायचं असतं. यावर वरच्या वहिनी विचारतात, ‘आणि चोवीस तास आम्ही आंघोळीला कुठे जायचं?’ काकू म्हणतात, ‘आमच्याकडे या की, आमच्या बेडरूममध्ये शॉवर आहेच.’ इथे दोन्ही घरांचा गणपतीचा प्रसाद बंद होतो.

तरीही एक दिवस, बहुधा मुलगा अमेरिकेतून आल्यामुळे, काका फरशी उचलून घेतात. जॉइंट गेलेलाच निघतो. कोबा होतो, वॉटरप्रूफिंग होतं, नव्या टाइल्स बसतात, आणि आता शेवटचा मुद्दा उरतो, काकूंचं छत. भरपाईचं तत्त्व असं की नुकसान होण्याआधी जी स्थिती होती ती परत आणून द्यायची. काका म्हणतात, डाग पडला तेवढ्या भागाला रंग मारून देतो. रंगारी तेवढा भाग मारतो. तो पांढराशुभ्र; भोवतीचं बारा वर्षांचं डिस्टेंपर पिवळं. आता काकूंच्या छतावर पूर्वी जिथे काळा डाग होता तिथे पांढरा डाग आहे. ‘पूर्वीची स्थिती’ म्हणजे ही नव्हे, असं काकूंचं म्हणणं. अख्खी खोली मारून दिली तर काकूंना बारा वर्षांच्या रंगाच्या बदल्यात नवा रंग मिळेल, तो फरक त्यांनी द्यावा, असं काकांचं म्हणणं. वकिलांच्या पुस्तकात दोन्ही बाजूंना आधार आहे.

तडजोड अशी होते की खोलीभर रंग, अर्धे अर्धे पैसे, पण शेड काकू निवडणार. काकू शेडकार्ड उन्हात धरतात, ट्यूबलाइटखाली धरतात, सुनेला फोटो पाठवतात आणि एका ऑफ-व्हाइटवर बोट ठेवतात. दोन दिवसांनी काम संपतं. काका, वहिनी, काकू, सगळे त्या खोलीत मान वर करून उभे राहतात. रंग हिरवट दिसतो. कार्डावर असा नव्हता. रंगारी सांगतो, वाळल्यावर उतरेल. वाळल्यावरही उतरत नाही. तेव्हा गेल्या चार वर्षांत पहिल्यांदाच दोन्ही मजले एका बाजूला येतात आणि जाहीर करतात की सगळी चूक रंगाऱ्याची आहे, आणि त्याचे उरलेले पैसे अजिबात द्यायचे नाहीत.